अनेक आवाज, एक आवाज : गीतरामायणाची दोन रूपे

विजयदुर्गच्या बंदरावर रामनवमीच्या सकाळी देवळावरच्या कर्ण्यातून गीतरामायण ऐकू येत होते. वाघोटन खाडीच्या मुखाशी नौका नांगरलेल्या होत्या, किनाऱ्यावर जाळी वाळत होती आणि कर्ण्यातून गंगा ओलांडून रामाला पैलतीरी नेणाऱ्या नावाड्यांचे गीत चालले होते. गीत आम्हाला पाठ होते. तरी त्या सकाळी, बहुधा समोर नौका असल्यामुळे, एक साधी गोष्ट प्रथमच जाणवली. त्या गीतात बोलणारे नावाडी अनेक आहेत, त्यांचे क्रियापद बहुवचनी आहे; ऐकू येणारा आवाज मात्र एकाच गायकाचा आहे. पाठोपाठ अहल्येचे, कौसल्येचे, शबरीचे आणि शेवटी परित्यक्ता सीतेचे गीत आठवले. ही सर्व प्रथमपुरुषी स्त्रीमुखे आहेत आणि आपल्या कानांत ती सर्व सुधीर फडके यांच्या आवाजात साठवलेली आहेत.

यात खटकण्याजोगे काही आहे असे आम्हाला आजवर वाटले नव्हते. किंबहुना बाबूजींच्या आवाजावाचून गीतरामायणाची कल्पना करणे आपल्याला अवघड जाते. पण गीतरामायण प्रथम महाराष्ट्राने ऐकले ते असे नव्हे. ते ऐकले गेले आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून, आठवड्यागणिक एक गीत याप्रमाणे आणि निरनिराळ्या गायक-गायिकांच्या आवाजांत. आज घराघरांत असलेली ध्वनिमुद्रिका ही त्या प्रसारणाची प्रत नाही. ती त्याच शब्दांची आणि त्याच चालींची दहा वर्षांनंतरची दुसरी आवृत्ती आहे. या दोन रूपांमधले अंतर वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहे, असे आम्हाला वाटते.

प्रथम प्रसारणाचा इतिहास. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. तेथील कार्यक्रमांची धुरा सांभाळणारे सीताकांत लाड यांनी वर्षभर चालेल अशा एका संगीतमय कार्यक्रमाची कल्पना मांडली. गजानन दिगंबर माडगूळकर यांनी रामकथा निवडली, सुधीर फडके यांनी संगीताची जबाबदारी घेतली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, शुक्रवारी सकाळी पावणेनऊला पहिले गीत प्रसारित झाले आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. वर्षाचे आठवडे बावन्न. पण त्या शकात अधिक मास आला आणि गीतांची संख्या ५६ वर गेली. रामकथेच्या एका काव्याची लांबी पंचांगाने ठरवावी, हे कथेला साजेसेच झाले.

गायकांची नावे पाहावीत : माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, आणि रामाची गीते गाणारे स्वतः सुधीर फडके. सीतेचा आवाज माणिक वर्मांचा होता. म्हणजे मूळ योजना नाट्याची होती. पात्र बदलले की आवाज बदलत असे. श्रोत्याला कोण बोलत आहे हे शब्दांतून कळायच्या आधी स्वरातून कळत असे.

हा कार्यक्रम त्याच काळात का निर्माण झाला, याचे उत्तर प्रतिभेत जसे आहे तसे सरकारी धोरणातही आहे. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते आणि त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेली बिनाका गीतमाला याच पोकळीत वाढली. आकाशवाणीला या पोकळीसाठी स्वतःचे संगीत निर्माण करणे भाग पडले. निरनिराळ्या केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले, कवींकडून गीते लिहून घेतली जाऊ लागली. आयत्या तबकड्या वाजवता येत नाहीत म्हणून नभोवाणी निर्मितीकडे वळली. आणि गंमत अशी की, चित्रपटगीताला पर्याय म्हणून जे सर्वात मोठे काम मराठीत झाले ते चित्रपटसृष्टीत मुरलेल्या दोघांच्या हातून झाले. माडगूळकर पटकथा-संवाद-गीते लिहिणारे, फडके चित्रपटांचे संगीतकार. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या लांबीचे, प्रसंगाला नेमके बसणारे गीत देण्याची शिस्त दोघांनाही स्टुडिओने शिकवली होती.

तबकड्यांवरच्या निर्बंधातून नभोवाणीची स्वतःची निर्मिती जन्माला यावी, हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाला ठराविक तासच तबकड्या वाजवण्याची मुभा होती. उरलेला वेळ भरायचा तर वादकांना स्टुडिओत बोलवावे लागे. हे बंधन १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकले. १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बीबीसीच्या रेडिओ वनवर कार्यक्रम करणारे जॉन पील यांनी या अडचणीचे सोने केले. त्यांच्या कार्यक्रमासाठी एखादा वाद्यवृंद एका दिवसासाठी बीबीसीच्या स्टुडिओत येई, साधारण चार गाणी जवळजवळ सलग वाजवून मुद्रित करी आणि निघून जाई. दुरुस्त्यांना वेळ नसे. नंतर ती गाणी कार्यक्रमातून प्रसारित होत.

१९७६-७७ साली लंडनमध्ये पंक रॉक नावाचे वादळ उठले तेव्हा ही पद्धत त्याच्या पथ्यावर पडली. वाद्यावर प्रभुत्व असलेच पाहिजे असे नाही, सांगण्यासारखे काही असले की पुरे, ही पंकची भूमिका होती. ‘द स्लिट्स’ हा मुलींचा वाद्यवृंद सप्टेंबर १९७७ मध्ये पील यांच्या कार्यक्रमासाठी वाजवायला आला, तेव्हा त्याची एकही तबकडी निघालेली नव्हती. त्या दिवशी जे मुद्रित झाले ते ओबडधोबड, वेगवान आणि आरडाओरड्याच्या सीमेवरचे होते. पुढे १९७९ मध्ये त्यांचा ‘कट’ हा पहिला संग्रह निघाला तोवर ढोल वाजवणारी पामॉलिव्ह वृंद सोडून गेली होती. डेनिस बोव्हेल यांच्या हाताखाली झालेल्या त्या संग्रहाचा नाद जमैकन रेगेच्या अंगाने गेलेला, मोकळा आणि विचारपूर्वक रचलेला आहे. काही गाणी दोन्हीकडे आहेत, पण ऐकताना ती वेगळ्याच वृंदाची वाटावीत इतकी बदललेली आहेत.

१९८६ मध्ये ‘स्ट्रेंज फ्रूट’ या नावाने पील यांच्या कार्यक्रमातली ही मुद्रणे तबकडीच्या रूपात प्रसिद्ध होऊ लागली आणि स्लिट्सचे १९७७ चे रूपही त्यांत पुन्हा बाहेर आले. दहा वर्षे फक्त ज्यांनी त्या रात्री ऐकले त्यांच्या स्मरणात असलेली गोष्ट आता कोणालाही ‘कट’शेजारी ठेवून पाहता येऊ लागली. ‘कट’ हीच स्लिट्सची सहज ओळख असे मानणाऱ्यांना कळले की ती अनेक शक्यतांमधली एक निवड होती. कोणते रूप श्रेष्ठ यावर आजही वाद होतात; पण वाद होऊ शकतो, कारण दोन्ही पुरावे समोर आहेत.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. लंडनमध्ये नभोवाणीवरच्या सादरीकरणाची तबकडी निघाली आणि तिने झाकले गेलेले आधीचे रूप परत आणले. गीतरामायणाच्या बाबतीत तबकडी निघाली आणि आधीचे रूप तिच्यामागे झाकले गेले.

हे कोणाच्या दुष्टाव्याने झाले नाही. त्यामागे निदान दोन कारणे दिसतात. पहिले तांत्रिक आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गीत मावे. भावगीत आणि चित्रपटगीत यांची लांबी या मापाने घडलेली होती. गीतरामायणाचे माप वेगळे होते. त्याला नभोवाणीवरचा पाव तास मिळालेला होता, म्हणून माडगूळकरांनी आठ-आठ, दहा-दहा कडव्यांची गीते लिहिली. एका कडव्यात प्रसंग, दुसऱ्यात त्याचा उलगडा, तिसऱ्यात प्रतिमांची माळ असा विस्तार त्यांना करता आला. ही गीते जुन्या तबकडीवर घालायची तर निम्मी कडवी कापावी लागली असती. त्यांना सावकाश फिरणारी लाँग प्ले तबकडी हवी होती. १९६५ मध्ये एच.एम.व्ही.ने गीतरामायणाचा संच काढला तो अशा दहा तबकड्यांचा होता.

दुसरे कारण सादरीकरणाचे आहे. प्रसारण संपल्यानंतर फडके स्वतः गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम करू लागले. गावोगावी एवढे गायक-गायिका घेऊन फिरणे शक्य नव्हते. एक गायक, एक पेटी आणि मोजके साथीदार एवढ्यावर कार्यक्रम उभा राही. हळूहळू लोकांच्या डोळ्यांसमोर गीतरामायण म्हणजे मांडी घालून बसलेले, शब्दन् शब्द स्वच्छ उच्चारणारे बाबूजी असे चित्र तयार झाले. १९६५ चा संच या चित्राचा आहे, १९५५ च्या प्रसारणाचा नाही. त्यात राम, सीता, शूर्पणखा, जटायू, नावाडी आणि सेतू बांधणारे वानर या सर्वांचा आवाज एकच आहे.

याचा काव्याच्या अर्थावर परिणाम होतो का? होतो, असे आम्हाला वाटते. गीतरामायण कागदावर वाचले तर ते नाट्यात्मक स्वगतांची मालिका आहे. आरंभीचे गीत निवेदकाचे आहे. रामाच्या दरबारात कुश-लव उभे आहेत आणि पुत्र पित्यालाच त्याची कथा गाऊन दाखवत आहेत, हे तो सांगतो. पुढे मात्र निवेदक मागे सरतो आणि पात्रे स्वतःच बोलू लागतात. प्रत्येकाची भाषा निराळी आहे. विश्वामित्राच्या मागणीत आज्ञेचा रोख आहे, शबरीच्या बोलण्यात धांदल आहे, शूर्पणखेत अधीरता आहे, सीतेच्या अखेरच्या प्रश्नात आश्रय हरवल्याचा थंडपणा आहे. अनेक आवाजांत हे ऐकताना रामायण हा परस्परविरोधी दाव्यांचा संवाद होतो. कैकेयीला जाब विचारणारा भरत आणि भरताला समजावणारा राम यांच्यापैकी कोणालाच शेवटचा शब्द मिळत नाही.

एका आवाजात ऐकताना वेगळे काही घडते. सर्व पात्रांवरून एका करुणेचा हात फिरतो. शूर्पणखाही त्याच गळ्यातून येते ज्यातून राम येतो, म्हणून तिच्याविषयी तुच्छता उरत नाही. मात्र ती पूर्णपणे परकी, धोकादायकही उरत नाही. सीतेचा शेवटचा प्रश्न तर मोठाच पेच निर्माण करतो. ज्या आवाजाने वर्षभर रामाची बाजू मांडली त्याच आवाजात आता रामाने टाकलेली स्त्री विचारते आहे की तिने कुठे जावे. हे ऐकताना कोणाला वाटेल की राम स्वतःच्याच मनाशी तिचे दुःख बोलतो आहे. कोणाला वाटेल की तिचे दुःखही अखेर त्याच्याच स्वाधीन झाले. माणिक वर्मा किंवा लता मंगेशकर यांच्यासारख्या आवाजांनी स्त्रीपात्रे गायलेल्या मालिकेत हा पेच उद्भवत नव्हता. तेथे सीता केवळ सीता होती.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपल्या परंपरेत एका गळ्याने अनेक पात्रे वठवणे नवीन नाही. कीर्तनकार उत्तररंगात एकटाच राम होतो, रावण होतो, मंदोदरी होतो. ज्या सिंधुदुर्गात विजयदुर्ग आहे तेथील दशावतारात तर स्त्रीपार्टी पुरुषच असतो. रंगून, नटून तो उभा राहतो तेव्हा प्रेक्षक त्याला सीता किंवा द्रौपदी म्हणूनच पाहतात. मग फडके यांनी सीता गायली तर बिघडले कोठे? बिघडले काहीच नाही. कीर्तनाच्या वाटेनेच १९६५ चे रूप समजून घ्यायला हवे, आणि त्या वाटेने पाहिले तर ते थोर आहे. पण दशावताराचीच तुलना थोडी पुढे न्यावी. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, कथेचा सांगाडा ठरतो आणि संवाद रात्री रंगमंचावर जन्माला येतात. एका गावच्या जत्रेतला रावण दुसऱ्या गावच्या जत्रेत तेच बोलेल असे नाही. त्यामुळे कोणतीही एक रात्र इतर रात्रींना रद्द करीत नाही. ध्वनिमुद्रिकेचे तसे नसते. ती दर वेळी तेच बोलते, दर घरी तेच बोलते आणि पुरेशी वर्षे बोलत राहिली की तिच्याशिवाय दुसरे काही होते हेच लोक विसरतात. कीर्तनकाराचा एक आवाज त्या संध्याकाळपुरता असतो. तबकडीवरचा एक आवाज प्रमाणपाठ होऊन बसतो.

‘प्रमाणपाठ’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. ज्या पुण्यातून गीतरामायण प्रसारित होत होते त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते. १९६६ मध्ये, म्हणजे गीतरामायणाच्या तबकड्या निघाल्यानंतर वर्षभराने, ते पूर्ण झाले. त्या आवृत्तीने संपादकांना ग्राह्य वाटलेला पाठ वर छापला, पण वगळलेला एकही महत्त्वाचा पाठभेद फेकून दिला नाही. तो तळटीपेत ठेवला. वाचकाला पानाच्या खालच्या बाजूला नजर टाकून संपादकाशी भांडता येते. महाकाव्याच्या हस्तलिखितांसाठी ही काळजी घेणाऱ्या शहराने आपल्याच काळात जन्मलेल्या महाकाव्यसदृश कृतीच्या श्राव्य पाठभेदांसाठी तळटीप ठेवली नाही. कारण श्राव्य गोष्टीलाही पाठ असतो, हे वाङ्मयाच्या अभ्यासात आपण अजून पुरते मानलेले नाही. ३ ऑक्टोबर १९५७ च्या विजयादशमीला भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायण पुस्तकरूपाने आणले आणि अभ्यासकांच्या दृष्टीने कृती तेथे स्थिर झाली. पुस्तक म्हणजे संहिता, तबकडी म्हणजे संगीत, अशी वाटणी झाली. प्रसारण या दोहोंच्या मध्ये हरवले.

प्रसारणात असे काय होते जे पुस्तकात आणि तबकडीत नाही? आवाजांची अनेकता हे एक. दुसरे म्हणजे काळ. दहा तबकड्यांचा संच एका दिवसात ऐकून होतो. प्रसारण ऐकणाऱ्याला राम वनवासाला निघाल्यानंतर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे लागे. मधल्या दिवसांत गीताचे शब्द वृत्तपत्रांतून वाचले जात, चाल गुणगुणली जाई, पुढे कोणता प्रसंग येणार यावर बोलणे होई. कथा सर्वांना ठाऊक होती, तरी उत्कंठा होती. कारण उत्कंठा काय घडणार याची नव्हती, माडगूळकर ते कसे सांगणार याची होती. रेडिओला हार घातल्याच्या आणि धूप-दीप दाखवल्याच्या आठवणी त्या पिढीकडून सांगितल्या जातात. त्यांत भाविकता आहेच. पण एकाच घटकेला शेकडो गावे एकच नवे गीत प्रथमच ऐकत आहेत, या जाणिवेचाही त्यांत भाग असावा. ज्या घरी रेडिओ नव्हता ते ज्याच्याकडे होता त्याच्या ओसरीवर जमत. वाल्मीकी रामायणातील कुश-लवांचे श्रोतेही असेच एकत्र जमलेले आहेत. त्यांनाही कथा एका बैठकीत संपवून मिळत नाही.

आम्हाला १९६५ च्या संचाविरुद्ध तक्रार करायची नाही. तो नसता तर गीतरामायण आमच्यापर्यंत पोचलेच नसते. विजयदुर्गच्या देवळावरच्या कर्ण्यातून त्या सकाळी काही निराळेच वाजत असते. एका गायकाने ५६ गीतांचा भार एकट्याने पेलणे ही सामान्य गोष्ट नाही. मात्र आपण ज्याला गीतरामायण म्हणतो ती एक आवृत्ती आहे, मूळ नव्हे, एवढे भान अभ्यासकाने ठेवावे. लंडनच्या पंक वृंदांनी आपल्या ओबडधोबड आरंभाची लाज बाळगली नाही, तो पुन्हा ऐकू दिला आणि त्यामुळे त्यांच्या नंतरच्या कामाची किंमत कमी झाली नाही, उलट अधिक कळली.

वर्गात गीतरामायण शिकवताना आपण बहुधा तबकडीवरचे एखादे गीत ऐकवतो आणि मग अलंकार, वृत्त, रस यांकडे वळतो. त्याऐवजी एकदा असे करून पाहावे. तबकडी बंद ठेवून पुस्तक हाती घ्यावे, आणि कौसल्या एकीला, भरत दुसऱ्याला, शबरी तिसरीला, नावाडी मागच्या बाकावरच्या सगळ्यांना मिळून, अशी गीते वाटून द्यावीत. चाल नको, नुसते वाचन पुरे. आम्ही हे केले तेव्हा नावाड्यांचे गीत पाच-सहा मुलांनी एकदम वाचले आणि ते मागेपुढे झाले, कोणी आधी पोचला, कोणी अडखळला. वर्गात हशा पिकला. पण वल्ह्यांचेही असेच होत असते, असे किनाऱ्यावरून आलेला एक मुलगा म्हणाला, आणि मग ते त्यांनी पुन्हा वाचले.